वस्तरा पोचत नाही तिथे

२६ ऑक्टोबर १९६४, यवतमाळ

होतं! डॉक्टर म्हणाले, होतं!

आजच मुंबईहून परतले. मूर्तिजापूरला छोट्या गाडीची वाट बघत सबंध दुपार फलाटावर गेली, इंजिनच्या कोळशाने डोळे लाल झालेत, पण आज कोणाला शिव्या घालायचं मन नाही. इतकी वर्षं वाटायचं, पुरुषाचं अंग घेऊन जन्माला आलेली बाई जगात मी एकटीच. डॉक्टरांनी तर विलायतेत अशांची ऑपरेशनं डोळ्यांनी बघितलीत. "तुमचंही करू," म्हणाले — चहा ढवळता ढवळता!

मग म्हणाले, पण आधी केस.

मी हसलेच. म्हटलं, डॉक्टर, मी दवाखान्यात ड्रेसर आहे. जखमा बांधायच्या, अन् ऑपरेशनला जाणाऱ्याचे केस साफ करायचे, हेच माझं काम. उद्या बोलवा, उद्या साफ होऊन येतो. ते हसले नाहीत. कागदावर चित्र काढून दाखवलं. तिथली बाहेरची कातडी आत वळवायची, तिचीच वाट करायची. बाहेर जे उगवतं ते आतही उगवणार, अन् तिथे वस्तरा पोचत नाही. जन्माचा त्रास. म्हणून एकेक केस मुळातून मारायचा, विजेच्या सुईने. वर्ष जाईल, दीड वर्षही जाईल. दादरला एक बाई हे काम करतात.

नाहीतर लहान ऑपरेशन. नको ते काढायचं, बाहेरून बाईसारखं करायचं, आत वाट ठेवायचीच नाही. त्यात केसांची कटकट नाही. येत्या महिन्यातही होईल.

"लग्नसंसार करायचा नसेल तर लहान पुरे," म्हणाले. "कोणी आहे का?"

आहे म्हटलं. कानापर्यंत लाल झाले असणार.

२७ ऑक्टोबर

खेमसिंगला सांगितलं.

तो एस.टी.त ड्रायव्हर. आमच्यासारखाच बंजारा, आमच्या शेजारच्या तांड्याचा. दोघं मिळून ही खोली घेतली त्याला तीन वर्षं झाली. नोकरीवाली दोन माणसं एका खोलीत राहतात, यात कोणाला काही दिसत नाही. दवाखान्यात मी उत्तमसिंग, तांड्यावर उत्तम. दार लावलेलं असलं की खेमसिंगच्या तोंडी बसंती. अन् या वहीत.

लहान अन् मोठं, दोन्ही नीट समजावून सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. स्टोव्हची पिन शोधत होता. म्हणाला, "मोठंच कर. मी थांबतो न. मंग नागपूरले बदली मागून घेऊ. तिथं आपल्याले कोन वळखते?"

पिन माझ्या हातात होती. त्याने वर बघितलं असतं तर दिसली असती.

४ नोव्हेंबर, दिवाळी, तांडा

आर्णीपासून चालत आले. पऱ्हाटी फुटून कापसाने पांढरीफटक झालीय.

संध्याकाळी पोरी दिवे घेऊन घरोघर निघाल्या. दर वर्षी निघतात. लग्न न झालेल्या पोरींचा हा मान. तांड्याच्या नायकाच्या घरापासून सुरुवात, मग दारोदार दिवा दाखवून घराचं भलं चिंतायचं. सात वर्षांची असताना मीही एक दिवा उचलून रांगेत घुसले होते. बापाने सगळ्यांसमोर कानाखाली दिली. दिवा विझला त्याचंच मला जास्त वाईट वाटलं होतं.

आज याडीला सांगून टाकलं. माझी आई रुपीबाई, पण तांडाभर तिला याडीच म्हणतात, आईच म्हणतात. ती ओढणीवर आरसे टाचत बसली होती. डॉक्टर, सुई, लहान, मोठं — जेवढं आईला सांगता येतं तेवढं सांगितलं. तिने दाताने दोरा तोडला. म्हणाली, केस जाळतेत म्हनतं, मंग वास येत असन. मी म्हटलं, येत असेल. तीन आरसे टाचून झाले.

मग म्हणाली, "तसा होऊन आला त या तांड्यात पाय नको ठेवू, उत्तम. भावसिंगच्या पोरी हायेत. पंच आपलं पानी तोडतीन. त्यायले कोन करून घेईन?"

भावसिंग माझा थोरला भाऊ. त्याच्या दोन्ही पोरी तेव्हा दिवे घेऊन नायकाच्या दारात उभ्या होत्या. मला राग यायला हवा होता. आला नाही. तिचंही खरंच आहे.

९ नोव्हेंबर

सकाळी कचेरीतले वामनराव. अंतर्गळाचं ऑपरेशन. धोतर सोडायला असे लाजले जसं काही मी मुलगी बघायला आले होते! डोळे मिटून रामरक्षा म्हणत राहिले. झाल्यावर हळूच विचारलं, केस पुन्हा येतात ना हो? येतात म्हटलं, वामनराव, आठवड्यात खुंट टोचायला लागतील. त्यांना केवढा धीर आला.

ठरलं. मोठंच. ऑपरेशन लहान असो की मोठं, तांडा जाणारच आहे. मग ज्याच्यासोबत राहायचं त्याच्यासाठी पूर्ण होऊन राहीन. खेमसिंगला सांगितलं तर म्हणाला, बरं. अन् डबा घेऊन ड्युटीवर गेला.

१३ डिसेंबर, मुंबई

दादरच्या सुनीतीबाई. मागल्या खोलीत पडदा, पडद्यामागे खाट, खाटेशी ते यंत्र. बाहेर हनुवटीला पदर लावून बसलेल्या चारदोन बायका. मी आत गेले तशा चष्म्यावरून बघत म्हणाल्या, मी फक्त बायकांचं करते. म्हटलं, मी बाईच आहे. मग लुगडं का नेसला नाहीत? म्हटलं, नोकरी सरकारी आहे. त्यावर जरा विचार केला, डॉक्टरांचं नाव दोनदा विचारून घेतलं, अन् म्हणाल्या, आधी हनुवटी करू, मग खालचं बघू. निजा.

लाल मुंगी डसावी तसं होतं. एक मुंगी गेली की दुसरी. याडीचं बरोबर होतं — वास येतो.

१७ जानेवारी १९६५, मुंबई

आज तिथे.

लाज कशी काढून ठेवतात ते मला माहीत आहे. इतक्यांची काढून ठेवायला लावली मी! तरी हात सारखे झाकायला जात होते. सुनीतीबाईंनी दोनदा बाजूला केले, तिसऱ्यांदा त्यावर चापट मारली. सगळा वेळ त्या नणंदेबद्दल बोलत होत्या. नणंदेने लोणच्याची बरणी परत केली नाही. मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या गाईकडे बघत त्या नणंदेला मनातल्या मनात पुष्कळ शिव्या घातल्या. त्याने बरं वाटलं.

१९ मार्च, यवतमाळ

होळीहून खेमसिंग परत आला. घरचे लग्नाचं काढतायत. "मी नाही म्हनलं," म्हणाला. रंग अजून मानेवर होता. मी पुसून काढला.

११ जुलै

हनुवटी गुळगुळीत! हात लावू लावू बघते. एक म्हातारी आज पट्टी बांधून घेताना म्हणाली, बाबू, तुले अजून दाढी नाही फुटली काय? अठ्ठावीस पुरी झालीत, आजी! तिला वाटलं मी थट्टा करतो.

खालचं निम्मं झालंय. खेमसिंगला पुसदची लांबची फेरी लागलीय. चार दिवस तिकडे, दोन दिवस इकडे. परवा त्याने माझ्या गालावरून हात फिरवला. मग म्हणाला, चांगलं झालं. अन् अंघोळीला गेला. मला रडू आलं, कशाचं ते समजेना. आनंदाचं असेल असं धरून चालले.

२२ सप्टेंबर

लढाई. गाड्या फौजेला दिल्यात. मुंबईत म्हणे दिवे लावू देत नाहीत. दोन महिने सुई नाही. जे केस मेले नव्हते ते परत उगवले. रडत बसण्याची पण लाज वाटते. लोकांची पोरं तिकडे मरतायत अन् मी केस मोजते.

१२ डिसेंबर, मुंबई

गाड्या सुरू झाल्या. सुनीतीबाई म्हणाल्या, आणखी तीन-चार खेपा. मग डॉक्टरांकडे जायला मोकळ्या. बरणी अजून परत आली नाही.

२३ जानेवारी १९६६

खेमसिंगची सगाई झाली. गूळ फोडला, दोन्ही तांड्यांनी खाल्ला. सगाई होऊन पंधरवडा लोटला, मला आज सांगितलं. जेवण झाल्यावर. माझ्या हातची भाकर खाऊन झाल्यावर.

पोरगी कोण? लाली. धनसिंगकाकाची लाली. आमच्याच तांड्याची, आमच्याच गोताची! म्हणजे खेमसिंगशी माझंही गोत जुळलंच असतं. हसू की काय करू?

मी भांडले. या खोलीत आजवर आवाज चढवला नव्हता, आज चढवला. वर्षभर मी अंग जाळून घेतलं, तू थांबतो म्हणालास. तो खाली बघत होता. मग म्हणाला, "डॉक्टर तुले वाट करून देईन, बसंती. लेकरू देईन काय?"

खरं बोलला. इतक्या दिवसांत एकदाच खरं बोलला, अन् ते हे.

२४ जानेवारी

तो सामान घेऊन गेला. स्टोव्ह ठेवून गेला.

२० फेब्रुवारी

मुंबईला गेले नाही. आता कोणासाठी? डॉक्टरांना सांगायचं, लहान करा. नाहीतर तेही नको. सुई बस.

१३ मार्च, तांडा

लालीचं लग्न चैत्रात. याडीने निरोप पाठवला, ये. आले.

तांड्यातून सासरी जायच्या आधी पोरीला रडायला शिकवतात. ढावलो म्हणतात त्याला. आईच्या, बापाच्या, भावाच्या गळ्यात हात घालून सुरात रडायचं. प्रत्येकाला वेगळं म्हणायचं. तू मला का वाढवलंस, का परक्या तांड्याला देतेस, मी गेल्यावर तुझी चूल कोण पेटवेल. शिकवणारी याडी. किती पोरी तिच्या हातून रडून गेल्या! मी लहानपणी तिच्या पाठीमागे गोधडीत पडून सगळं ऐकलंय. मला कोणी शिकवलं नाही. कोणी थांबवलंही नाही, कारण झोपलेय असं वाटायचं.

आज दुपारी लाली शिकायला बसली. भिंतीपलीकडे मी. लालीला रडूच येईना. मधेच फिस्सकन हसायची. चांगली पोर आहे, खूश आहे, तिने माझं काय घेतलंय? तिला काही ठाऊकही नाही. आईचं कडवं म्हणता म्हणता ती अडली. पुढचं आठवेना. दोनदा मागून घेतलं, तरी तिथेच अडली.

अन् माझ्या तोंडून पुढची ओळ निघून गेली. सुरात. भिंतीपलीकडून.

लाली खिदळली — "अवं, उत्तमभाऊले येते!" याडी हसली नाही. एवढंच म्हणाली, "पुढं म्हन." कोणाला म्हणाली ते समजलं नाही. पुढचं लालीने म्हटलं.

७ एप्रिल, तांडा

वरात आली. नवरदेवाची हजामत करायला आर्णीचा न्हावी यायचा होता, तो आलाच नाही. कोणीतरी ओरडलं, अरे आपला उत्तम हाय न! डाक्टरचा वस्तरा हाय त्याच्यापाशी. सगळ्यांना केवढी मौज वाटली.

नाही कसं म्हणणार? काय कारण सांगणार?

खेमसिंग पाटावर बसला. हळद लागलेली. मी साबण लावला. त्याचा गाल मला पाठ आहे. डाव्या जबड्याखाली केस उलटे उगवतात, तिथे वस्तरा खालून वर घ्यावा लागतो, नाहीतर रक्त येतं. खालून वर घेतला. त्याने डोळे मिटले होते. गळा वर केला. आजूबाजूला लोक, डफडं, पोरांचा गोंधळ. ओठ न हलवता म्हणाला, "तुया हात नाई थरथरून राह्यला."

"रोजचंच काम आहे," म्हटलं.

कुठे कापलं नाही. टॉवेलने पुसलं. लोक म्हणाले, वा. मग विहिरीवर जाऊन वस्तरा धुतला. धुतला, परत धुतला. तिथेच बसून राहिले.

९ एप्रिल, तांडा

लाली गेली. ऐन वेळी इतकी रडली की शिकवलेलं सगळं बरोबर आलं. सजवलेल्या बैलाजवळ उभी राहून याडीच्या गळ्यात पडली. बायका रडत होत्या, बापे दुसरीकडे बघत होते. मी बाप्यांच्या बाजूला उभी. माझे ओठ हलत होते. याडी लालीच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती.

पांगापांग झाल्यावर माझ्याजवळ येऊन बसली. खेमसिंगचं तिला मी कधी बोलले नव्हते. ती म्हणाली, "ज्याच्यासाठी करत होता थो त गेला. आता राहू दे थे. तांड्यात ये, राय. मी हाय तवपर्यंत तुले कोनी काही म्हननार नाई."

किती वर्षांनी तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बोटांना सुयांचे घट्टे पडलेत. मला वाटलं, हो म्हणून टाकावं. खरंच वाटलं. ही भिंत, हे अंगण, ही बाई. याच्यापुढे ते कागदावरचं चित्र काय?

विचार करतो म्हटलं.

१८ एप्रिल, यवतमाळ

वामनराव परत आले! दुसऱ्या बाजूचं अंतर्गळ. आता मात्र लाजले नाहीत, जुन्या ओळखीचे झालो. म्हणाले, बघा, तुम्ही म्हणाला तसंच, सगळे परत आले. पुन्हा काढा.

काढता काढता माझा हात थांबला. हेच तर करत आले मी. रोज सकाळी उठून बाईला खरवडून काढायचं, उत्तमसिंग होऊन दवाखान्यात जायचं. संध्याकाळपर्यंत ती परत उगवलेली. खेमसिंग भेटायच्या आधीही उगवत होती. दिवा उचलला तेव्हाही होती. तांड्यात राहिले तर जन्मभर हेच करावं लागेल, याडीच्या डोळ्यांसमोर. मग ती नसेल तेव्हा एकटीने.

अन् लहान की मोठं? खेमसिंग गेला तशी ती वाटही गेली असं धरून बसले होते. पण डॉक्टरांनी चित्र काढलं ते त्याच्या अंगाचं नव्हतं. माझ्या अंगाचं होतं.

वामनराव म्हणाले, काय हो, गार वाटतंय, उरकताय ना?

२४ एप्रिल, मुंबई

सुनीतीबाई रागावल्या. मधे तीन महिने कुठे होतात? थोडंसंच उरलंय, सोडून द्यायचंय का? म्हटलं, नाही, एकही ठेवू नका. त्या म्हणाल्या, नवरा कधी आणताय दाखवायला? म्हटलं, नाही नवरा. सुई थांबली. त्यांनी चष्मा पुसला. मग सुई परत लागली.

डॉक्टरांनी मे महिना दिलाय. रजा टाकली. परतून दवाखान्यात येणार नाही, पण तसं लिहून दिलं नाही.

८ मे, तांडा

याडीला सांगितलं. मी जाते, मोठंच करणार आहे, परवाच्या मोटारीने. खेमसिंगसाठी नाही, याडी.

तिने ऐकलं. पायरीवरून उठून आत गेली. भावसिंगसमोर दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जेवण वाढलं. भाकरीवर तूप जास्त होतं. मी जेवले नाही, तर ती ताट उचलून घेऊन गेली.

यापेक्षा तिने मारलं असतं तर बरं होतं. जाताना पाया पडू देईल की नाही, तेही माहीत नाही.

१० मे १९६६, मोटारीत

याडी घरात नव्हती. भावसिंग म्हणाला, शेतात गेली असन. पाया न पडताच निघाले.

आर्णीच्या मोटार-स्टँडवर ती उभी होती. भल्या पहाटेपासून चालत आलेली, घागऱ्याचा, फेटियाचा घेर धुळीने भरलेला, लग्नाची ओढणी घेतलेली. मला वाटलं, अडवायला आली. मी पायाशी वाकले. तिने मला वर ओढलं, माझे दोन्ही हात धरले अन् स्वतःच्या गळ्यात टाकले. कंडक्टर बघत होता, सगळा स्टँड बघत होता.

"छोरी अशी मुक्यानं नाई जात," म्हणाली.

अन् ढावलोची पहिली ओळ तिनेच उचलली. पुढचं मला येत होतं.